तळ्यापासून समुद्रापर्यंत
बीड जिल्ह्यातील शाळा आणि किनाऱ्याचा पाठ

(शिक्षक, शिक्षण विस्तार अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बालाघाटच्या डोंगररांगेवर व तिच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या बीड जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. येथील बहुसंख्य मुलांनी तो पाहिलेला नसतो. भूगोलाच्या व परिसर अभ्यासाच्या पुस्तकांत मात्र खाडी, कांदळवन, भरती-ओहोटी, प्रवाळ, त्रिभुज प्रदेश हे शब्द ठरल्याप्रमाणे येतात. शिक्षक ते फळ्यावर लिहून देतात, विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत उत्तरे बरोबर येतात आणि परीक्षा संपताच शब्द विसरले जातात. जी वस्तू पाहिली नाही, जिच्याशी आपला काही संबंध आहे असे वाटत नाही, तिचे नाव लक्षात का राहावे? तेव्हा यात मुलांचा दोष नाही.

संबंध नाही ही समजूतच मुळात चुकीची आहे. बीड जिल्ह्यात समुद्रकिनारा नसला, तरी समुद्राकडे जाणारे पाणी प्रत्येक गावातून वाहते. त्या पाण्याचा माग काढून शिकविले, तर किनाऱ्याचा पाठ गावच्या ओढ्यापासून सुरू करता येतो. त्यासाठी खर्चिक साहित्य लागत नाही, नकाशा, दोन बाटल्या, मूठभर मीठ आणि गावचा तलाव एवढ्यावर काम भागते.

पाण्याचा प्रवास

पाटोदा तालुक्यातील बालाघाटच्या माथ्यावर पावसाची एक सर आली, तर तिच्या पाण्याला दोन वाटा फुटतात. उत्तरेच्या उतारावरचे पाणी सिंदफणेला मिळते. बीड शहरातून वाहणारी बिंदुसराही पुढे सिंदफणेतच जाते. माजलगावच्या धरणातून पुढे निघालेली सिंदफणा मंजरथ येथे गोदावरीस मिळते. दक्षिणेच्या अंगाचे पाणी मांजरेत उतरते. मांजरा याच पाटोदा तालुक्यात उगम पावते, केज तालुक्यातील धनेगावच्या धरणात थांबते आणि लातूर, बीदर असा मोठा वळसा घेत तेलंगणात शिरते. माथ्यावर एकमेकींपासून दुरावलेल्या या दोन पाण्यांची पुन्हा भेट होते ती तेलंगणातील कंदकुर्ती येथे, मांजरा-गोदावरीच्या संगमावर.

पुढचा प्रवास एकत्र होतो. श्रीरामसागर ओलांडून गोदावरी आंध्र प्रदेशात उतरते. राजमहेंद्रीजवळ धवलेश्वरमला तिच्यावर आर्थर कॉटन याने १८४७ ते १८५२ या काळात प्रसिद्ध बंधारा बांधला. तेथून नदीला फाटे फुटतात. त्र्यंबकेश्वरपासून १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून ती बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या गौतमी या फाट्याच्या मुखाशी, काकीनाड्याजवळ, कोरिंगाचे विस्तीर्ण कांदळवन आहे. १९७८ मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. पाणमांजरे आणि मासे पकडून खाणारे रानमांजर तेथे राहते. जवळच्या होप बेटाच्या वाळूत सागरी कासवे अंडी घालतात. बीडच्या मुलांचे कांदळवन म्हणायचे तर ते हेच होय. कोकणातले कांदळवन त्यांच्या राज्याचे आहे, कोरिंगाचे त्यांच्या नदीचे आहे.

आष्टी तालुक्यातील शाळांनी हा नकाशा थोडा निराळा काढावा. तेथील पश्चिमेकडचे पाणी सीनेला, सीनेतून भीमेला आणि भीमेतून कृष्णेला जाते. शेवट मात्र बंगालच्या उपसागरातच होतो.

प्रत्येक शाळेने एका भिंतीवर हा प्रवास रंगवावा. सुरुवात गावच्या ओढ्याच्या नावाने व्हावी, कारण त्या नावाशिवाय बाकीचा नकाशा मुलांना परका वाटेल. नकाशा पूर्ण झाल्यावर शिक्षकांनी एक प्रश्न विचारावा : हे पाणी परत येते का? मोसमी वारे अरबी समुद्रावरून येतात तेव्हा त्यांचा बराच पाऊस सह्याद्रीवर पडून जातो आणि बीड पर्जन्यछायेत राहतो. पावसाळ्याच्या उत्तरार्धात मराठवाड्याला जो मोठा पाऊस मिळतो, त्यातला पुष्कळसा बंगालच्या उपसागरात तयार होणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांमुळे येतो. ज्या समुद्राला जिल्हा पाणी पाठवितो, तोच समुद्र जिल्ह्याला पाऊस पाठवितो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. २०२५ च्या सप्टेंबरात त्याच मराठवाड्यात महापुराने शेते खरवडून नेली. या दोन्ही गोष्टी पाहिलेल्या मुलांना समुद्राचा पाठ निरर्थक वाटण्याचे कारण नाही.

मातीचा हिशेब

नदी पाण्याबरोबर माती नेते आणि मुखाशी ती टाकते. या गाळावरच त्रिभुज प्रदेश उभा राहतो, चिखलाची मैदाने तयार होतात व त्यांवर कांदळवन वाढते. ही क्रिया वर्गात दाखविता येते.

दोन सारख्या, पारदर्शक बाटल्यांत एकेक लिटर पाणी घ्यावे. एका बाटलीत ३५ ग्रॅम, म्हणजे साधारण सहा चहाचे चमचे मीठ विरघळवावे. समुद्राचे पाणी जवळपास इतकेच खारट असते. दोन्हींत मूठभर काळी माती टाकून बाटल्या जोराने हलवाव्यात आणि शेजारी-शेजारी ठेवाव्यात. गोड्या पाण्यात मातीचे बारीक कण दीर्घकाळ तरंगत राहतात. खाऱ्या पाण्यात ते एकमेकांना चिकटून लवकर तळाशी बसतात. नदीचे गढूळ पाणी समुद्राच्या पाण्यात मिसळले की मुखाशी चिखल का साचतो, याचे एक कारण विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात, आणि तेही आपल्याच शेताच्या मातीत.

येथून पुढची चर्चा मोठ्या मुलांशी करावी. धरणांमुळे जिल्ह्याला पिण्याचे व शेतीचे पाणी मिळाले, याबद्दल दुमत नाही. तथापि, धरण पाण्याबरोबर गाळही अडविते. गोदावरी खोऱ्यात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धरणे होत गेली, तसतसे समुद्रापर्यंत पोचणाऱ्या गाळाचे प्रमाण घटले व त्रिभुज प्रदेशात काही ठिकाणी किनाऱ्याची धूप झाली, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. इकडे तोच गाळ तलावात साचून पाणीसाठा कमी होतो. हा गाळ काढून शेतात टाकण्यासाठी राज्यात २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना राबविण्यात आली. शेताच्या बांधावरून वाहून गेलेली माती तलावात आणि समुद्रावर, दोन्हीकडे हिशेब मागते. बांधबंदिस्ती, गवत आणि झाडे यांचे महत्त्व याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

खारे पाणी आणि झाड

कांदळवनाची झाडे कशी जगतात, हे समजण्यासाठी आधी साधी झाडे खाऱ्या पाण्यात का जगत नाहीत, हे कळावयास हवे. दोन ताटल्यांत ओल्या कापडावर ज्वारीचे दाणे ठेवावेत. एकीला साधे पाणी द्यावे, दुसरीला बाटलीतल्या प्रयोगाइतकेच खारट पाणी द्यावे. तीन-चार दिवसांत साध्या पाण्यातले दाणे मोड धरतात, मिठाच्या पाण्यातले तसेच पडून राहतात. कालव्याखालच्या चोपण व खारवट जमिनी गेवराई आणि माजलगावच्या मुलांना ऐकून ठाऊक असतात. पाण्याचा निचरा न होता क्षार वर आले की पीक कसे बसते, हे त्यांच्या घरात बोलले जाते. त्या ओळखीच्या दुःखावरून कांदळवनाकडे जाणे सोपे होते.

तिवर पानांवाटे जादा मीठ बाहेर टाकतो. पानावर जीभ लावली तर ते खारट लागते. चिखलात हवा नसते, म्हणून त्याची श्वसनमुळे जमिनीतून पेन्सिलीसारखी वर येतात. कांदळाची मुळे खोडातून कमानीसारखी खाली उतरून झाडाला आधार देतात. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते आणि तयार रोप खाली पडून चिखलात उभे राहते. या मुळांच्या जाळ्यात माशांची व कोळंबीची पिले वाढतात, निवटी उड्या मारतात, खेकडे बिळे करतात.

महाराष्ट्रात वन सर्वेक्षण संस्थेच्या २०२१ च्या अहवालानुसार ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन नोंदले गेले. त्याच्या रक्षणासाठी राज्याने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. कांदळवन वादळाचा जोर कमी करते. १८३९ च्या चक्रीवादळात कोरिंगाचे गजबजलेले बंदर उद्ध्वस्त झाले होते. ज्या किनाऱ्यावर अशी वादळे येतात, तेथे या झाडांची किंमत लाकडाच्या भावाने करता येत नाही.

पंचांग आणि भरती-ओहोटी

भरती-ओहोटी हा वर्गात सर्वांत कठीण जाणारा भाग. तो सोपा करण्यासाठी घरातले पंचांग पुरेसे आहे. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते व उधाणाची भरती होते. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते आणि भांगाची भरती येते. कोकणातील कोळी मासेमारीला निघताना तिथी पाहतो, बीडचा शेतकरीही पेरणीच्या बोलण्यात नक्षत्र काढतो. विद्यार्थ्यांनी एक महिनाभर रोज चंद्र पाहून त्याचा आकार वहीत काढावा आणि आज समुद्राला उधाण असेल की भांग, हे खाली लिहावे. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, तशीच भरतीची वेळही पुढे सरकते. समुद्र न पाहताही मुले समुद्राचे घड्याळ वाचावयास शिकतात.

वाळूचे किनारे, खडकाळ किनारे व प्रवाळ यांची ओळख चित्रांच्या साहाय्याने करून द्यावी. वेळास येथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे रक्षण २००२ पासून गावकऱ्यांच्या सहभागाने होत आले आहे. मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गाच्या पश्चिमेला भर समुद्रात कान्होजी आंग्रे यांचे नाव मिरविणारा आंग्रिया हा प्रवाळांचा उंचवटा आहे. ज्या शाळांची सहल मुंबईकडे जाते, त्यांनी ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्राचा कार्यक्रमात समावेश करावा. सहल झाली तर उत्तमच, पण सहलीवाचून पाठ अडू नये.

गावचा तलाव हीच पाणथळ

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत १९८२ मध्ये त्यात सहभागी झाला. या कराराने पाणथळ जागेची व्याख्या व्यापक केली. ओहोटीच्या वेळी सहा मीटरपेक्षा अधिक खोल नसलेला समुद्र, खाडी, दलदल, सरोवर आणि माणसाने बांधलेला तलावही तीत येतो. महाराष्ट्रातील नांदूर मधमेश्वर व लोणार ही स्थळे २०२० पर्यंत, तर ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत आली. यांतील नांदूर मधमेश्वर गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळे निर्माण झाले. म्हणजे बांधलेले पाणीही काळाच्या ओघात पक्ष्यांचे घर होते.

पैठणच्या नाथसागराचेही तसेच. १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या या धरणाच्या पसरट व उथळ पाण्यावर इतके पक्षी येऊ लागले की १९८६ मध्ये तेथे पक्षी अभयारण्य घोषित करावे लागले. ठाण्याच्या खाडीत ज्यांना पाहण्यासाठी लोक गर्दी करतात, ते रोहित पक्षी नाथसागरावरही उतरतात. बीड जिल्ह्यातील लहानमोठ्या तलावांवर हिवाळ्यात चक्रवाक, वारकरी, शेकाटे, तुतवार हे पक्षी सहज दिसतात. तुतवार आणि चिखल्या हे काठाच्या चिखलातले किडे टिपतात. खाडीच्या चिखलावरही त्यांच्या जातीचे पक्षी नेमके हेच करीत असतात. गावच्या तलावाच्या काठावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला खाडीचे जीवन समजावून देण्यासाठी याहून चांगले उदाहरण नाही.

यासाठी दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशी, सकाळी, वर्ग तलावावर न्यावा. पाण्याची पातळी, काठाची वनस्पती, दिसलेले पक्षी व त्यांची संख्या, काठावर पडलेला कचरा, एवढ्याच नोंदी घ्याव्यात. ज्याचे नाव ठाऊक नाही त्या पक्ष्याचे वर्णन लिहावे, नाव मागाहून शोधता येते. बरोबर दोन मोठी माणसे असावीत आणि कोणीही पाण्यात उतरू नये. हा नियम कडकपणे पाळावा, कारण गाळाने भरलेल्या तलावाच्या खोलीचा अंदाज येत नाही.

अर्धा वर्ग गावाबाहेर

या जिल्ह्यात शिक्षणाचा कोणताही बेत आखताना एक वस्तुस्थिती विसरता येत नाही. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हंगामी वसतिगृहांमुळे काही मुले गावात राहतात, तरी अनेक मुले आईवडिलांबरोबर जातातच. ज्या दिवसांत दूरदेशीचे पक्षी तलावावर उतरतात, त्याच दिवसांत गावची मुले गाव सोडतात. हिवाळ्यात ठेवलेला पाठ त्यांच्या वाट्याला कधीच येत नाही.

यावर उपाय आहे. पाण्याचा नकाशा, बाटल्यांचा प्रयोग व ज्वारीचे दाणे हे भाग जून ते सप्टेंबर या काळात, सर्व मुले वर्गात असताना पूर्ण करावेत. तलावाची पहिली मोजणी कुटुंबे निघण्यापूर्वी ऑक्टोबरात घ्यावी. हिवाळ्यातील नोंदी वसतिगृहातील व गावात राहिलेल्या मुलांनी ठेवाव्यात आणि परतलेल्या सोबत्यांना त्या वाचून दाखवाव्यात. जी मुले तोडणीला जातात, त्यांना एक कोरी वही द्यावी. त्यांचे तळ पुष्कळदा कृष्णा, पंचगंगा, भीमा यांच्या खोऱ्यांत पडतात. तेथील नदीचे पाणी, घाट, पक्षी, मळी, जे दिसेल ते त्यांनी लिहावे. परतल्यावर वर्गाने ते ऐकावे. इतक्या लहान वयात दोन-तीन नद्यांचा काठ पाहिलेला हा विद्यार्थी वर्गात अज्ञानी म्हणून मागे बसतो. जलचक्राच्या पाठात तरी त्याला पुढे बसविता येईल. जी शाळा त्याच्या अनुभवाला किंमत देते, त्या शाळेत तो परत येण्याचा संभव अधिक असतो.

पंचायतीने काय करावे?

केंद्र शासनाच्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांतून सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव वगळलेले आहेत. बीड जिल्ह्यातील बहुतेक तलाव या वर्गात मोडतात. खाडीच्या कांदळवनासाठी न्यायालयाचे आदेश आहेत आणि शासनाचा स्वतंत्र कक्ष आहे. पाझर तलावाच्या पाणवनस्पतींसाठी व पक्ष्यांसाठी तसा विशेष आधार नाही. त्यांचे रक्षण गावाच्या मनावर अवलंबून आहे, म्हणून तलावाविषयी जाणती मुले तयार होणे ही गावाची गरज आहे.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयास हवी. ही नोंदवही एकदा तयार करून कपाटात ठेवण्यासाठी नाही. शाळेच्या तलाव-नोंदी दरवर्षी तीत समाविष्ट कराव्यात आणि एका विद्यार्थ्याने त्या ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन त्यासाठी योग्य आहे. मात्र ज्या गावातून बरीच कुटुंबे तोडणीला जातात, त्यांनी हे वाचन कुटुंबे परतल्यानंतरच्या ग्रामसभेत ठेवावे.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. तरीही आठवडी बाजार उठला की नाल्यात काय पडलेले असते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यातील बरेचसे तलावात अडकते, उरलेले पुरात पुढे जाते. शाळेने रंगविलेल्या नकाशावर त्या नाल्याचे नाव पहिले असेल, तर बाजाराच्या दिवशी पंचायतीला वेगळे भाषण करावे लागणार नाही. मुलेच विचारतील.

तिसरी गोष्ट सन्मानाची. बीड शहरातील कंकालेश्वराचे मंदिर पाण्याच्या मधोमध उभे आहे आणि सोळाव्या शतकातील खजाना विहीर आजही लोकांना थांबवून पाहावयास लावते. या जिल्ह्याच्या पूर्वजांनी दुर्मिळ पाण्याभोवती सौंदर्य उभे केले. त्यांच्या वारसांनी तलावाचा काठ स्वच्छ राखावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

येत्या पावसाळ्यात पहिला ओढा वाहू लागेल, त्या दिवशी शिक्षकांनी वर्ग बाहेर न्यावा. ओढ्याकाठी उभे राहून मुलांना एकच प्रश्न विचारावा : हे पाणी कोठे जाणार? कोणी म्हणेल तलावात, कोणी म्हणेल गोदावरीत. उत्तर कोरिंगाच्या चिखलापर्यंत पोचेपर्यंत प्रश्न थांबवू नये. बीड जिल्ह्यात समुद्राचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.